रुळांमधली फट कुठे गेली? – स्थायूंचे प्रसरण आणि त्याला काबूत ठेवण्याच्या पाच वाटा



उष्णतेचे प्रकरण शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. 'रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात?' उत्तरही ठरलेले आहे. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावते, त्याला जागा मिळावी म्हणून. मुलं उत्तर पाठ करतात, गुण मिळतात, विषय संपतो.

पण आपली मुलं खान्देशातली आहेत. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर ही रेल्वेची गावं. कितीतरी मुलांचे वडील, काका, आजोबा रेल्वेत आहेत. एखादं चौकस मूल फलाटावर उभं राहून रूळ पाहतं आणि विचारतं, "सर, फट तर कुठेच दिसत नाही. मग आपल्याकडे ४५ अंश तापमान असतं तेव्हा रूळ जातो कुठे?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. 'पुस्तकात दिलंय तेच लिही' असं म्हणून तो दडपला, तर मूल एकच गोष्ट शिकतं : डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि विज्ञानाच्या वहीत लिहायचं ते वेगळं. विज्ञान शिकवण्याचा हेतूच तिथे बुडतो. म्हणून आज या एका प्रश्नाचा धागा धरून स्थायूंचे प्रसरण समजून घेऊ आणि माणसाने त्याला कसकसं काबूत ठेवलं तेही पाहू.

आधी प्रसरणांक सोपा करून घेऊ

आठवीच्या विज्ञानात एकरेषीय प्रसरणाचे सूत्र येते.

लांबीतील वाढ = प्रसरणांक × मूळ लांबी × तापमानातील वाढ

मुलं अडतात ती प्रसरणांकाच्या आकड्यापाशी. ०.००००१२ असा आकडा पाहिला की शून्यं मोजण्यातच जीव जातो. त्यावर एक सोपी युक्ती आहे. एका किलोमीटरमध्ये दहा लाख मिलिमीटर असतात. म्हणून प्रसरणांक 'एक किलोमीटर लांबीची वस्तू एक अंश सेल्सिअसने तापली तर किती मिलिमीटर वाढेल' असा सांगायचा. मग आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात :

हिरा – सुमारे १ मिलिमीटर
टंगस्टन – साडेचार
खिडकीची साधी काच – सुमारे ९
लोखंड, पोलाद – ११ ते १२
तांबे – १७
पितळ – १९
ॲल्युमिनिअम – २३
शिसे – २९

फळ्यावर ही यादी लिहा आणि मुलांना विचारा, यात काही क्रम दिसतो का? हिरा आणि टंगस्टन वितळवणं महाकठीण, शिसं मात्र साध्या शेगडीवरही वितळतं. ज्या पदार्थातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात तो सहसा कमी फुगतो, ज्यातली पकड सैल तो जास्त फुगतो. हा नियम काटेकोर नाही, पण दिशा बरोबर दाखवतो.

ठिबकच्या नळ्यांचं उदाहरण आपल्या मुलांना चटकन पटतं. काळ्या पॉलिथिनच्या नळीत लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू असतात आणि साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल असते. तिचा प्रसरणांक दीडशेच्या वर जातो. केळीच्या बागेतली १०० मीटरची नळी पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापली, तर ती जवळजवळ ४५ सेंटिमीटर म्हणजे हातभर वाढते. सकाळी सरळ दिसणारी नळी दुपारी नागमोडी का होते, ते शेतकऱ्याच्या मुलाला आता सांगता येईल. नळी अंथरताना ती ताणून न बांधता थोडी सैल का सोडतात, तेही त्यातच आलं.

पदार्थ मुळात फुगतो कशाने?

इथे मुलांच्या मनात दोन चुकीच्या समजुती असतात. पहिली, 'तापल्यावर अणूच मोठे होतात.' तसं होत नाही. दुसरी, 'अणू जोरात हलायला लागतात म्हणून जास्त जागा लागते.' ही अर्धी खरी आहे, पण तेवढ्याने भागत नाही. अणू जोरात हलला तरी डावीकडे जेवढा जातो तेवढाच उजवीकडे गेला, तर त्याची सरासरी जागा होती तिथेच राहील. मग प्रसरण होणारच नाही!

खरी गोष्ट अशी आहे. धातू, मीठ, गारगोटी हे स्फटिकी पदार्थ. त्यांच्यात अणू ठराविक अंतरावर, कवायतीला उभ्या मुलांसारखे रांगेत बसलेले असतात. दोन शेजारी अणू ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आले तर एकमेकांना फार जोराने ढकलतात. दूर गेले तर एकमेकांना ओढतात, पण ती ओढ हळूहळू ढिली पडत जाते. ढकलणं कडक, ओढणं मवाळ.

याला नाल्याची उपमा द्या. एक काठ उभा कडा, दुसरा काठ लांबट उताराचा. तळाशी एक चेंडू आहे. त्याला हलकासा धक्का दिला तर तो तळाजवळच इकडेतिकडे होतो. जोराचा धक्का दिला तर उभ्या काठावर तो फारसा चढत नाही, उतरत्या काठावर मात्र लांबवर जातो. म्हणजे त्याची सरासरी जागा उताराच्या बाजूला सरकली. अणूंचंही तसंच. उष्णता म्हणजे जोराचा धक्का आणि उताराची बाजू म्हणजे 'एकमेकांपासून दूर'. म्हणून सरासरी अंतर वाढतं आणि पदार्थ फुगतो.

ही उपमा नीट समजली की पुढचा सगळा लेख सोपा आहे. प्रसरण काबूत ठेवायचं तर एकतर फुगणाऱ्या वस्तूला जागा द्यायची, नाहीतर तिला अडवायचं, नाहीतर तिची जोडी नीट निवडायची, नाहीतर एकाचं प्रसरण दुसऱ्याविरुद्ध वापरायचं आणि हे सगळं पुरेनासं झालं तर नाल्याचा आकारच बदलायचा.

पहिली वाट : जागा द्या

हे आपलं पुस्तकातलं उत्तर. जुन्या पद्धतीचा रूळ १३ मीटरचा. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर

११.५ × ०.०१३ × ५० = सुमारे साडेसात मिलिमीटर

एवढी फट ठेवायची आणि दोन रूळ फिशप्लेटने जोडायचे. गाडीचा तो ओळखीचा 'खडाड-खट' आवाज या फटींचाच. पण प्रत्येक फटीवर चाक आदळतं. रुळाची टोकं झिजतात, चाकं झिजतात, देखभाल वाढते, वेग वाढवता येत नाही.

पुलांवर मात्र आजही जागा द्यावीच लागते. तापीवरच्या किंवा धुळ्यात पांझरेवरच्या पुलावरून जाताना गाडीला ठराविक अंतराने हलका धक्का बसतो, तो तिथल्या प्रसरण-सांध्याचा. रेल्वेच्या विजेच्या तारांनाही जागा दिलेली असते. काही खांबांवर कप्पीतून लोंबणारी वजनं दिसतात. तार उन्हाने लांबली की वजन खाली येतं, थंडीने आखडली की वर जातं, ताण मात्र तेवढाच राहतो. फलाटावर उभं राहून मुलांना ही वजनं जरूर दाखवा.

दुसरी वाट : अडवा

आता चौकस मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आजकाल मुख्य मार्गांवर रूळ वितळजोड करून सलग केलेले असतात, एकेक तुकडा कित्येकदा किलोमीटरहून लांब. पन्नास अंशांच्या फरकाने एक किलोमीटर रूळ ५७ सेंटिमीटर वाढायला हवा. तो वाढत नाही, कारण त्याला वाढू दिलं जात नाही!

काँक्रीटचे जड स्लीपर, त्यांना रूळ घट्ट आवळून धरणाऱ्या पोलादी क्लिपा आणि स्लीपरांभोवती ठासून भरलेली खडी, ही सगळी मंडळी मिळून रुळाला जागचा हलू देत नाहीत. फक्त दोन्ही टोकांचे साधारण शंभरेक मीटर थोडे सरकतात. तिथे एक खास सांधा असतो. त्यात एक रूळ निमुळता होऊन दुसऱ्याच्या कडेने सरकतो, त्यामुळे चाकाला खड्डा लागत नाही. मधला सगळा रूळ स्थिर.

अडवलेलं प्रसरण नाहीसं होत नाही, त्याचं बळात रूपांतर होतं. ते किती? मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घ्या. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर. ३० अंशांनी तापल्यावर त्यात जे दाबाचं बळ तयार होतं ते जवळजवळ ५५ टन भरतं. दोन रुळांचं मिळून ११० टन. आणि इथे एक गंमत आहे. हे बळ रुळाच्या लांबीवर अवलंबून नसतं. १३ मीटरचा रूळ अडवा की १३ किलोमीटरचा, बळ तेवढंच. म्हणून तर रूळ हवे तेवढे लांब जोडता येतात. ही गोष्ट मुलांना आधी खोटी वाटते. तेव्हा सांगा : लांब रूळ जास्त वाढू पाहतो हे खरं, पण लांब वस्तू तेवढीच जास्त दाबायची तर बळ वाढवावं लागत नाही, कारण प्रत्येक मीटरच्या वाट्याला दाबणं सारखंच येतं.

पोलाद हा दाब सहज सोसतं. भीती वेगळी आहे. लांब सडपातळ काठी दोन्ही टोकांनी दाबली की ती मधूनच बाजूला वाकते. रूळही तसाच बाजूला सटकून नागमोडी होऊ शकतो आणि मग गाडी घसरण्याचा धोका. उलट थंडीत रूळ आखडू पाहतो, ताण पडतो आणि तो तुटू शकतो. म्हणून रूळ पक्का आवळताना त्याचं तापमान त्या भागातल्या सरासरीच्या आसपास किंवा थोडं वर असावं लागतं. त्या तापमानाला रुळात ना दाब असतो ना ताण. तिथून खाली आणि वर, दोन्हीकडे सोसता येईल एवढंच अंतर उरतं. कालांतराने हे संतुलन बिघडलं तर क्लिपा सोडून रूळ मोकळा करतात आणि योग्य तापमानाला पुन्हा आवळतात.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हवेचं तापमान ४४-४५ अंश असतं तेव्हा उन्हातला रूळ हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकतो. अशा वेळी ट्रॅकमेंटेनर, ज्यांना आपण अजून गँगमनच म्हणतो, भर दुपारी रुळाच्या कडेने गस्त घालतात. रूळ कुठे वाकायला लागलाय का, खडी कुठे सरकली आहे का, हे पाहत चालतात. हिवाळ्यात हीच गस्त रात्री-पहाटे असते, तुटलेल्या रुळाच्या शोधात. भुसावळकडच्या कितीतरी घरांतली माणसं हे काम करतात. ज्या मुलाचे वडील ही गस्त घालतात त्याला वर्गात सांगा, 'तुझे वडील रोज प्रसरणाचा धडा सांभाळतात.' त्या मुलाची मान ताठ होईल आणि बाकीच्यांना धडाही कळेल.

एक सूचना मात्र कळकळीची. हे दाखवायला मुलांना कधीही रुळावर नेऊ नका. फलाटावरून दिसतं तेवढं पुरे. रुळाजवळची खडी खेळायला आणू नये, हेही पालकांनी समजावून सांगावं. ती खडी रुळाला धरून ठेवणारा हात आहे.

तिसरी वाट : जोडी जुळवा

घराच्या स्लॅबमध्ये काँक्रीट आणि लोखंडी सळई एकत्र असतात. दोघांचे प्रसरणांक जवळजवळ सारखे, म्हणजे काँक्रीटचा साधारण १० ते १२ आणि पोलादाचा १२. त्यामुळे मे महिन्यातल्या गच्चीवर दोघं मिळून फुगतात आणि रात्री मिळून आखडतात. सळई ॲल्युमिनिअमची असती तर तिने दर उन्हाळ्यात काँक्रीटला आतून ताण दिला असता आणि भेगा पडल्या असत्या.

जोडी मुद्दाम विजोड ठेवूनही काम होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती आठवा. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा लहान ठेवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. सव्वा मीटर व्यासाच्या आसपासच्या चाकाची धाव ४०० अंशांनी तापली की तिचा घेर १८-१९ मिलिमीटर वाढतो. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आखडताना ती आरे, तुंबा आणि पाटे अशी काही आवळते की खिळ्यांची फारशी गरजच राहत नाही. आपल्या लोहार-सुतारांनी हे सूत्र न लिहिता वापरलं. गावात असे जुने कारागीर असतील तर त्यांना शाळेत बोलवा.

चौथी वाट : एकाविरुद्ध दुसरा

आता थोडं विदर्भात जाऊ. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. भारताचं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी तिथेच वारला. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पहिली पायाभूत रेषा मोजली. लांबी साधारण १२ किलोमीटर. मोजायला होती १०० फुटांची पोलादी साखळी.

अडचण आपल्या लक्षात आलीच असेल. साखळीही तापते! २० अंशांचा फरक विचारात घेतला नाही तर १२ किलोमीटरमध्ये जवळजवळ तीन मीटरची चूक. आणि ही रेषा चुकली की तिच्यावर उभे केलेले सगळे त्रिकोण चुकले. म्हणून साखळीजवळ थर्मामीटर ठेवून प्रत्येक मापाला तापमानाची दुरुस्ती करावी लागे.

लॅम्बटननंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली वेगळीच साधनं भारतात आणली. १० फुटांचे दोन दांडे, एक लोखंडाचा, एक पितळेचा, शेजारी शेजारी ठेवून मध्यभागी एकत्र पक्के केलेले. दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी दोघांनाही जोडलेली आणि ती लोखंडाच्या बाजूने थोडी पुढे आलेली. तापल्यावर पितळ पाच भाग वाढतं तेव्हा लोखंड तीन भाग वाढतं. त्यामुळे पट्टी तिरपी होते. त्या पट्टीवर एक बिंदू असा सापडतो की पितळापासूनचं त्याचं अंतर आणि लोखंडापासूनचं अंतर यांचं गुणोत्तर ५ : ३ असतं. पट्टी कितीही तिरपी होवो, हा बिंदू जागचा हलत नाही! दोन्ही टोकांच्या अशा बिंदूंमधलं अंतर म्हणजे तापमानाने न बदलणारं माप. दोन फुगणाऱ्या वस्तूंतून एक न फुगणारी लांबी तयार झाली. हे फळ्यावर आकृती काढून समरूप त्रिकोणांनी सिद्ध करता येतं. भूमितीच्या शिक्षकांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा असा हा तास आहे.

इस्त्रीतला थर्मोस्टॅटही याच घराण्यातला. दोन धातूंची चिकटलेली पट्टी तापली की वाकते आणि विजेचा संपर्क तोडते.

पाचवी वाट : स्फटिकच बदला

इथपर्यंत पदार्थ फुगणारच हे आपण गृहीत धरलं. पण फुगणारच नाही असा पदार्थ बनवता येईल का?

१८९६ साली पॅरिसजवळच्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत शार्ल एदुआर गिलोम यांना असा मिश्रधातू सापडला. लोखंडात ३६ टक्के निकेल घातलं की प्रसरणांक १२ वरून सुमारे १ वर येतो. त्याचं नाव इन्व्हार, म्हणजे न बदलणारा. घड्याळांचे लंबक आणि जमीन मोजायच्या तारा त्यापासून बनू लागल्या. १९२० साली गिलोम यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. यामागचं कारण चुंबकत्वात आहे. या मिश्रधातूत चुंबकत्वामुळेच अणूंमधलं अंतर थोडं वाढलेलं असतं. तापवलं की चुंबकत्व ढिलं पडतं आणि ती वाढ कमी होते. एकीकडे नेहमीचं फुगणं, दुसरीकडे हे आखडणं, बेरीज जवळजवळ शून्य. फार तापवलं आणि चुंबकत्वच संपलं की इन्व्हारही चारचौघांसारखा फुगतो.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरात आहे. इंडक्शन शेगडीची चांगल्या प्रतीची काळी काच ही साधी काच नसते, काच-स्फटिक असतो. लिथिअम, ॲल्युमिनिअम आणि सिलिकाची काच ठराविक पद्धतीने तापवून तिच्यात अतिसूक्ष्म स्फटिक वाढवतात. हे स्फटिक एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने चक्क आकसतात. एकूण आकसणं आणि उरलेल्या काचेचं फुगणं एकमेकांना खोडतं. म्हणून अर्धी काच तापलेली आणि अर्धी गार असली तरी ती तडकत नाही.

याच जातीच्या पदार्थापासून मोठ्या दुर्बिणींचे आरसे बनतात. नैनितालजवळ देवस्थळ इथे २०१६ साली सुरू झालेल्या दुर्बिणीचा ३.६ मीटर व्यासाचा आरसा झेरोडूर नावाच्या काच-स्फटिकाचा आहे. तो साध्या काचेचा असता तर १० अंशांच्या फरकाने त्याचा व्यास ०.३ मिलिमीटरने बदलला असता. आकडा लहान वाटतो, पण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तो पाचशे पटींहून जास्त आहे. ताऱ्याचं चित्र पार बिघडलं असतं.

तापवल्यावर आकसणारे स्फटिक आणि आपल्या खाणी

१९९६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी झिर्कोनिअम टंगस्टेट या पदार्थाबद्दल जे दाखवलं त्याने सगळे चकित झाले. हा स्फटिक जवळजवळ निरपेक्ष शून्यापासून ७७० अंश सेल्सिअसच्या पुढेपर्यंत सगळ्या दिशांनी सारखा आकसत जातो. किलोमीटरला दर अंशी सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे साधी काच जेवढी फुगते तेवढाच हा आकसतो!

हे कसं होतं ते दोरीवरच्या उड्यांनी समजवा. दोन मुली दोरीची टोकं धरून उभ्या आहेत. दोरी जोरात फिरवली, तिचा मधला भाग बाहेर फेकला गेला, की दोन्ही हात आत ओढले जातात. या स्फटिकात अणूंचे ताठ गट ऑक्सिजनच्या अणूने बिजागरीसारखे जोडलेले असतात आणि मध्ये भरपूर मोकळी जागा असते. तापल्यावर ऑक्सिजन आडवा झोके घेतो आणि दोन्ही बाजूंच्या गटांना जवळ ओढतो. नाल्याचा उतार इथेही असतोच, पण दोरीची ओढ त्याच्यावर मात करते.

अशा पोकळ चौकटींचे स्फटिक आपल्याच जमिनीत आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत, सावद्याकडच्या खाणींतही, स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे सुंदर स्फटिक सापडतात आणि जगभरचे संग्राहक ते जपून ठेवतात. यातला स्टिल्बाइट झिओलाइट कुळातला. या कुळाच्या चौकटी जाळीदार असतात आणि शुद्ध सिलिकाच्या अशा काही चौकटी प्रयोगशाळेत बनवल्या, तेव्हा त्या तापवल्यावर आकसताना आढळल्या. खाणीतल्या नैसर्गिक झिओलाइटमध्ये मात्र पाणी असतं. तो तापवला की पाणी निघून जातं आणि त्यानेही आकार बदलतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, मुलांना सांगताना गल्लत नको.

मग एखादा विद्यार्थी विचारेल, "अशा स्फटिकाची पूड पोलादात मिसळून न फुगणारे रूळ का बनवत नाहीत?" प्रश्न उत्तम आहे. एक फुगतो आणि दुसरा आकसतो, तर दोघांच्या सीमेवर ताण येतो आणि बारीक भेगा पडतात. झिर्कोनिअम टंगस्टेटवर जास्त दाब पडला तर त्याची रचनाच बदलते. शिवाय हजारो किलोमीटर रुळांचा खर्च. म्हणून दुर्बिणीला काच-स्फटिक आणि रुळाला क्लिप, खडी आणि माणसाची गस्त. जिथे जे परवडतं आणि टिकतं ते वापरायचं.

वर्गात करून पाहण्यासारखं

१. दोन मीटर तांब्याची तार दोन खुर्च्यांमध्ये ताणून बांधा, मध्ये छोटं वजन लटकवा आणि वजनाखाली पट्टी उभी करा. तारेखाली मेणबत्त्या फिरवा. तार वाढते दोन-तीन मिलिमीटर, पण वजन काही सेंटिमीटर खाली येतं. हे शिक्षकांनी स्वतः करावं, मुलांनी पाहावं.

२. जाड कडी तापवली तर तिचं भोक मोठं होईल की लहान? आधी मुलांकडून हात वर करून मत घ्या. बरीच मुलं 'लहान' म्हणतात. मग बैलगाडीच्या धावेची आठवण करून द्या.

३. दोरीवरच्या उड्या मैदानावर घ्या आणि टोकं धरणाऱ्यांना विचारा, हाताला ओढ कधी जास्त लागते?

घरी विचारण्यासाठी प्रश्न

• शाळेच्या लोखंडी फाटकाची लांबी सकाळी आणि भर दुपारी पोलादी टेपने मोजली. टेपही उन्हातच होता. फरक दिसेल का? (लॅम्बटनची साखळी आठवा.)

• खापरावर मांडे झाल्यावर गरम खापरावर लगेच गार पाणी का ओतत नाहीत? खापराचा कोणता भाग आधी आखडेल?

• काचेची बरणी आणि तिचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलंय. झाकणावर गरम पाणी का ओततात? वरच्या यादीतले आकडे वापरून सांगा.

पालकांना एवढीच विनंती की उत्तर लगेच सांगू नका, मुलाला आधी अंदाज करू द्या. आणि शिक्षक मित्रहो, परीक्षेत 'रुळांमध्ये फट का ठेवतात?' हा प्रश्न आला तर पुस्तकातलं उत्तर लिहायला सांगाच, ते चूक नाही. पण त्याच्याखाली 'आता बहुतेक ठिकाणी रूळ सलग जोडून घट्ट धरून ठेवतात' असं एक वाक्य एखाद्या मुलाने स्वतःहून लिहिलं, तर त्याला गुण द्या आणि वर्गासमोर शाबासकीही द्या. त्या मुलाने पुस्तक वाचलंय आणि रूळही पाहिलाय.